घळीत लोटलेला पाचोळा

घर स्वच्छ ठेवायचं म्हणजे काय करायचं? घरातला कचरा घराबाहेर काढायचा आणि अंगणातला कचरा अंगणाबाहेर. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तुम्ही करता, मीही करतो. कुंपणापलीकडे गेलं की ते आपलं राहिलं नाही, असा आपला सगळ्यांचा पक्का समज असतो.

घड्याळकाकांचाही होता. आणि त्यांचं अंगण म्हणजे काय विचारता! सकाळी सहाच्या ठोक्याला झाडू हातात. सहा वाजून एक मिनिटसुद्धा नाही. चाळीस वर्षं वरच्या रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान चालवलेला माणूस तो. दुकान बंद केलं, पण मिनिटांशी नातं तुटलं नव्हतं.

त्यांची गल्ली डोंगराच्या मध्यावर होती. उतार कापून केलेल्या एका लांबट पट्टीवर सतरा घरं एका ओळीत बसलेली. मागे बासष्ट पायऱ्या चढलं की गाड्यांचा रस्ता आणि पाण्याची टाकी. पुढे प्रत्येकाचं छोटंसं अंगण, अंगणाला गुडघ्याएवढा कठडा आणि कठड्याखाली खोल उतरत गेलेली घळ. घळीच्या तळाशी ओढा, तोही वर्षातले आठ महिने कोरडाच. डोक्यावर सूचीपर्णी झाडं. त्यांच्या सुया रात्रंदिवस गळायच्या, अंगणात, छपरावर, चहाच्या कपातसुद्धा.

तर सकाळी सहाला काका त्या सुया एका बाजूने झाडत यायचे, कठड्यापाशी ढीग करायचे आणि झाडूच्या एका फटकाऱ्याने घळीत ढकलून द्यायचे. झालं! गल्लीतली इतर घरं थोडी उशिरा उठायची, पण पद्धत हीच. सतरा अंगणं, सतरा झाडू आणि सगळ्यांची दिशा एकच, खाली. "काकांच्या अंगणात पडलेलं जेवण उचलून खावं," असं गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना सुनवायच्या. काका ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोरात झाडायचे.

काका पंचाहत्तरीला टेकलेले, पण ताठ. काकू सत्तरीच्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. घरातल्या घरात भिंत धरून चालायच्या, तोंड मात्र बिनआधाराचं चालायचं. मुलगा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आणि सहा महिन्यांपूर्वी या घरात सूनबाई आली होती. ती अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायची. कुठे आग लागली की पहिला आवाज तिच्या कानात.

घराचा सगळा प्रश्न एका रविवारी सकाळी सूनबाईने वर पाहिलं तेव्हा सुरू झाला.

काका अंगण झाडून कंबरेवर हात ठेवून उभे होते. सूनबाई शिडी लावून छपरावर डोकावत होती.

"बाबा, पन्हळीत वीतभर सुया आहेत. वाळून कडकडीत झाल्यात."

"छपरावर कोण बघतंय? अंगण बघ अंगण!"

"अंगण छान आहे. पण मागच्या भिंतीला छपरापर्यंत लाकडं रचलीत. आईंचा वेल खिडकीवरून छपरावर गेलाय, त्यातला अर्धा वाळलेला. या झाडाच्या फांद्या जमिनीला टेकल्यात. आणि ही घळ..." ती कठड्यावरून वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. "बाबा, हे सगळं काढायला हवं. उन्हाळा तोंडावर आलाय."

काकांच्या नाकावर राग आला. "म्हणजे माझं घर अस्वच्छ? तीस वर्षांत या गल्लीत कुणी माझ्या अंगणाला नावं ठेवली नाहीत!"

"मी अंगणाला कुठे काय म्हणतेय?"

"घळ काय माझ्या बापाची आहे? ती सरकारची!"

"घळ सरकारची. पाचोळा कुणाचा?"

काकू दारात खुर्चीवर बसून वाटाणे सोलत होत्या. त्या खुदकन हसल्या. काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पटकन एक वाटाणा तोंडात टाकला.

सूनबाईने वाद वाढवला नाही. स्वयंपाकघरातून काड्यापेटी आणली, अंगणाच्या मधोमध एक स्टीलचं ताट ठेवलं आणि सासऱ्यांच्या हातात एक काडी दिली.

"पेटवा. आणि पेटलेलं डोकं वर धरा."

काकांनी धरलं. ज्योत काडीच्या टोकाशी रेंगाळत राहिली, सावकाश खाली सरकत. काकांनी आरामात फुंकर मारून विझवली.

"आता दुसरी पेटवा, आणि डोकं खाली करा."

काकांनी काडी उलटी केली मात्र, ज्योत सर्रकन वर चढली! "आई गं!" काडी ताटात पडली आणि काका बोट चोखायला लागले. चाळीस वर्षं केसाएवढे स्क्रू धरलेलं ते बोट.

"आगीला चढण आवडते, बाबा. आपण माणसं चढताना दमतो, ती चढताना पळते. आपण तीस वर्षं पाचोळा खाली ढकलतोय आणि आपलं घर काडीच्या वरच्या टोकाला आहे. जिथे आत्ता तुमचं बोट होतं तिथे."

पटलं असं काका कबूल करतील ती वेळ अजून यायची होती. "तीस वर्षांत एकदाही लागली नाही," एवढं पुटपुटून ते आत गेले.

मंडळी, हे वाक्य आपण सगळेच बोलतो. आजवर काही झालं नाही म्हणजे पुढेही होणार नाही, असा हिशेब आपण कुठल्या शाळेत शिकलो कोण जाणे!

सूनबाई मात्र हट्टी. दुपारी तिने काकांचं जुनं स्टॉपवॉच कपाटातून काढलं. दुरुस्त केलेलं घड्याळ मागेपुढे जातंय का ते बघायला काका ते वापरायचे, आणि आजही आठवड्यातून एकदा पुसून ठेवायचे.

"बाबा, एक काम कराल? आईंना बासष्ट पायऱ्या चढायला किती वेळ लागतो ते मोजायचंय."

"आत्ता? कशाला?"

"मी काय घड्याळ आहे दुरुस्तीला आलेलं?" काकू म्हणाल्या. पण काठी त्यांनीच मागून घेतली. महिनाभरात त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. वर जाऊन रस्त्यावरची माणसं बघायला मिळतील, हे त्यांना मनातून आवडलं होतं.

काकांनी बटण दाबलं. काकू निघाल्या. एक पायरी, दुसरा पाय तिच्याच शेजारी, मग पुढची पायरी. विसाव्या पायरीवर त्या बसल्या. चाळिसाव्यावर पुन्हा बसल्या, पाणी प्यायल्या, पायऱ्या उतरून येणाऱ्या, गल्लीतल्याच शिवणवाल्या ताईंशी दोन वाक्यं बोलल्या. शेवटच्या दहा पायऱ्यांना सूनबाईने मागून हात दिला. वर पोचल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

काकांनी बटण दाबलं. "अकरा मिनिटं चाळीस सेकंद."

सूनबाई तिथेच शेवटच्या पायरीवर बसली. आता तिच्या आवाजात सकाळचा हट्ट नव्हता.

"गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या डोंगरावर वणवा लागला होता, आठवतंय? पहिला फोन मीच घेतला. एक बाई म्हणाल्या, खाली ओढ्यापाशी धूर दिसतोय. मी गाडी पाठवली. त्याच बाईंचा पुन्हा फोन आला. म्हणाल्या, आमच्या पायरीशी आलीय. फोनच्या नोंदीत दोन्ही वेळा आहेत, मी शंभर वेळा बघितल्यात. मधे चार मिनिटं गेली होती. फक्त चार! त्या धावू शकत होत्या म्हणून वाचल्या. घर नाही वाचलं." ती थांबली. "या घरात आल्यापासून मी ड्यूटीवर बसले की मला एकच भीती वाटते. फोन उचलला आणि पलीकडे तुमचाच आवाज आला तर?"

काकांनी स्टॉपवॉचकडे पाहिलं. अकरा चाळीस. त्यातून चार वजा करायला घड्याळजी असावं लागत नाही.

ते पायऱ्या उतरले, अंगणात आले, झाडू उलटा धरून कठड्यावरून वाकले आणि त्यांनी त्याचा दांडा घळीतल्या पाचोळ्यात खुपसला. दांडा आत गेला. आणखी दाबला, आणखी गेला. काका कठड्यावर पालथे पडले तरी दांड्याला जमीन लागेना. नुसता वाळलेला, करकरणारा, वर्षानुवर्षं दडपलेला पाचोळा! वरच्या थरात कालच्या सुया होत्या आणि खालच्या थरात, कोण जाणे, कदाचित मुलगा शाळेत होता तेव्हाच्या. सगळा त्यांच्याच हातचा. रोज सकाळी सहाला, एक मिनिट न चुकवता, तीस वर्षं त्यांनी स्वतःच्या बायकोच्या खुर्चीखाली सरपण रचलं होतं!

ते कठड्यावरच बसले. मग एकदम उठले आणि शेजारच्या घराकडे निघाले.

शेजारी सुतारदादा राहायचा. मनाने दिलदार, अंगाने धिप्पाड, पण त्याच्या घराच्या तिन्ही भिंतींना फळ्या टेकवलेल्या आणि अंगणात रंधा मारून पडलेल्या भुशाचा गालिचा.

"घळ साफ करायची?" सुतारदादा हसला. "काका, ऊन लागलं का तुम्हाला? तुमच्या अंगणाचं उदाहरण देऊन देऊन माझ्या बायकोने माझे कान किटवलेत!"

"चुकीचं उदाहरण होतं ते. मी चुकलो," काका म्हणाले.

सुतारदादाच्या हातातला रंधा थांबला. काकांच्या तोंडून हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

"फळ्या मात्र हलणार नाहीत हं. वेळ आली की मी दोन मिनिटांत बाहेर काढीन सगळं."

"काढ. चार देतो." काकांनी स्टॉपवॉच वर धरलं. "चल!"

"आत्ता?"

"वणवा काय तुला चिठ्ठी पाठवून येणार आहे? पळ!"

आणि काय सांगू मंडळी, गल्लीत जत्रा लोटली! सुतारदादा खांद्यावर फळ्या घेऊन पायऱ्यांवरून धावतोय, त्याची बायको हत्यारांची पेटी ओढतेय, शिवणवाल्या ताई खिडकीतून "धाव दादा, धाव!" ओरडताहेत, काका मोठ्याने सेकंद मोजताहेत. चौथं मिनिट संपलं तेव्हा सहा फळ्या रस्त्यावर पोचल्या होत्या. घराला टेकून अजून दीडशे उभ्या होत्या. सुतारदादा पायरीवर फतकल मारून धापा टाकत बसला. हसता हसता त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"काका," तो म्हणाला, "घळीत कधी उतरायचं?"

त्या संध्याकाळी काका स्टॉपवॉच घेऊन बाकीच्या सगळ्या घरी गेले. कुणाकडे अंथरुणाला खिळलेले वडील होते, कुणाकडे दिवस भरत आलेली मुलगी. प्रत्येक घरी त्यांनी एकच विचारलं, "तुमच्याकडचं सगळ्यात हळू चालणारं माणूस कोण? त्याला किती मिनिटं लागतात?" उत्तर ऐकलं की दुसऱ्या दिवशी त्या घरातून माणूस हजर!

नऊ दिवस! त्या नऊ दिवसांत गल्लीने जे केलं ते तीस वर्षांत केलं नव्हतं. कोयते आले, दाताळी आली, शिवणवाल्या ताईंनी जुन्या पडद्यांची पोती शिवून दिली. घळीत उतरून माणसं पाचोळा ओढायची, पोत्यात भरायची, आणि मग बासष्ट पायऱ्यांवर माणसांची साखळी लागायची. पोतं या हातातून त्या हातात, वर, आणखी वर, थेट रस्त्यावर उभ्या असलेल्या नगरपालिकेच्या कचरागाडीत. पहिल्या दिवशी गाडीवाला वैतागला. तिसऱ्या दिवशी तोही साखळीत उभा राहिला. "जाळून टाकू की इथेच," असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा काका असे काही खेकसले की त्या बिचाऱ्याने पुन्हा काड्यापेटीचं नाव काढलं नाही.

सूनबाई ड्यूटी संपवून यायची आणि बघत फिरायची. घराभोवती पाच पावलं जळण्यासारखं काही नको, नुसती खडी. लाकडाचा ढीग घरापासून तीस पावलं लांब, पत्र्याखाली. पन्हळी रिकाम्या. झाडं पाडायची नाहीत, फक्त डोक्यापेक्षा उंचापर्यंतच्या फांद्या छाटायच्या, म्हणजे जमिनीवरची आग झाडावर चढणार नाही. कठड्यापासून खाली शंभर पावलं घळ मोकळी. काकूंनी आपला वेल स्वतःच्या हाताने कापला. कापताना त्या काही बोलल्या नाहीत, आणि काकू बोलल्या नाहीत म्हणजे ते किती जड गेलं असेल ते काकांना कळलं. सुतारदादाने फळ्या वरच्या रस्त्यालगतच्या शेडमध्ये हलवल्या आणि त्यातल्याच दोन मजबूत दांड्यांना खुर्ची जोडून काकूंसाठी डोली तयार केली. पुढे तो, मागे शिवणवाल्या ताईंचा नवरा. पहिल्या सरावाला साडेतीन मिनिटं. पाचव्याला दोन मिनिटं दहा सेकंद! काकू वरून हात हलवत म्हणाल्या, "लग्नातसुद्धा एवढा मान मिळाला नव्हता हो मला!"

दहाव्या दिवशी सूनबाईने शेवटची फेरी मारली. काका तिच्या मागे परीक्षेला बसल्यासारखे.

"छान! फक्त दारातलं काथ्याचं पायपुसणं आत घ्या. आणि हा झाडू लाकडी चौकटीला टेकवून ठेवू नका. ठिणगी वाऱ्याबरोबर उडत येते, तिला एवढंसं वाळलेलं पुरतं."

"आता झाडूसुद्धा?" काका हसले. "तीस वर्षं तो त्याच कोपऱ्यात उभा आहे."

पायपुसणं आत गेलं. झाडू दोन दिवस मागच्या पत्र्याखाली राहिला. तिसऱ्या दिवशी सवयीचा हात सवयीच्या कोपऱ्यात गेला.

आणि तीन आठवड्यांनी तो दिवस आला.

दुपारचे दोन. वारा असा तापलेला की खिडकीचे गज हाताला चटके देत होते. काका कठड्यापाशी उभे होते आणि त्यांना घळीच्या तळाशी, ओढ्याजवळ, एक राखाडी रेघ दिसली. कुणी कचरा जाळला की कुणाची सिगारेट पडली, ते पुढे चौकशीतही नीट कळलं नाही. काका बघत होते तोवर त्या रेघेचा लोट झाला.

त्यांनी आधी स्टॉपवॉच दाबलं. मग फोन.

"अग्निशमन नियंत्रण कक्ष. बोला."

"अगं मी! मी बोलतोय! घळीत..."

"पत्ता सांगा."

"अगं, आपलं घर! ओळखत नाहीस का?"

"पत्ता सांगा, बाबा." आवाज अगदी स्थिर होता. पण बाबा म्हणताना तो एवढासा हलला.

काकांनी पत्ता सांगितला. पाण्याच्या टाकीखालची गल्ली, बासष्ट पायऱ्या, ओढ्यापासून वर येतेय.

"घरात स्वतः चालू न शकणारं कुणी आहे?"

"एक. तुझी सासू."

पलीकडे कळफलकाचा खडखडाट झाला.

"गाडी निघाली. आधी आईंना वर न्या. खिडक्या लावा आणि निघा. घरातलं काही घ्यायचं नाही. बाबा, काही म्हणजे काही नाही!"

सुतारदादाने शिट्टी मारली. गल्लीतली दारं धडाधड उघडली. कुणी गोंधळलं नाही, कुणी कपाटं उघडत बसलं नाही. अंथरुणावरचे वडील पाठीवर निघाले, दिवस भरलेली मुलगी दोघींच्या आधाराने निघाली. काकांनी काकूंना अंगणात डोलीच्या खुर्चीवर बसवलं आणि ते खिडक्या लावायला आत धावले. सुतारदादा शेजारून धावत येत होता. त्या अर्ध्या मिनिटात अंगणात काकू एकट्याच होत्या. शेजारी सूनबाईच्या नियमाप्रमाणे भरून ठेवलेली पाण्याची बादली.

आग अजून खूप खाली होती. पण वाऱ्यावर तरंगत एक ठिणगी आली, लालचुटुक, नखाएवढी. खडीवर पडली असती तर विझली असती. ती पडली दाराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या झाडूवर.

झाडूच्या काड्यांमधून धुराची बारीक तार निघाली आणि दुसऱ्या क्षणी भप्पकन जाळ झाला! जाळाची जीभ लाकडी चौकटीला लागली. वर छपराचं लाकूड, आणि आत खिडक्या लावणारे काका!

"अहो!" काकू ओरडल्या. पण आतून खिडक्या आपटण्याच्या आवाजात काकांना ते ऐकू जाईना.

भिंत किंवा काठी धरल्याशिवाय सहा वर्षांत ज्या एक पाऊल चालल्या नव्हत्या त्या काकू उठल्या. काठी नाही, भिंत नाही. दोन्ही हातांनी बादली उचलली, चार पावलं टाकली आणि सगळं पाणी झाडूवर, चौकटीवर, अर्धं स्वतःच्या पायांवर ओतलं. फस्स करून वाफ आली. काकू परत चार पावलं आल्या आणि खुर्चीत बसल्या.

सुतारदादा पोचला तेव्हा त्या धापा टाकत होत्या. "काय झालं काकू?"

"काही नाही. ह्यांचा झाडू विझवला. चल, उचल!"

मागचे दांडे शिवणवाल्या ताईंच्या नवऱ्याने धरले आणि डोली निघाली. मागोमाग काका. एक, दोन, दहा, वीस, चाळीस, बासष्ट! रस्त्यावर पोचल्यावर काकांनी स्टॉपवॉच पाहिलं. चार मिनिटं पाच सेकंद. ते मागे वळले. विसावी पायरी मोकळी होती. काकू स्वतःच्या पायांनी चढत असत्या, तर या घडीला त्या तिथे बसून पहिला श्वास घेत असत्या. आणि आग?

सगळी गल्ली रस्त्याच्या कठड्याला चिकटून खाली बघत होती. जाळ माणसाच्या दुप्पट उंच होऊन घळीतून धडधडत वर येत होता. तो मोकळ्या केलेल्या जागेच्या कडेला आला. कुणी श्वास घेईना. आणि मग तो बुटका झाला! खरंच सांगतो, डोळ्यांदेखत बुटका झाला. कमरेएवढा, गुडघ्याएवढा, घोट्याएवढा. खायलाच काही नव्हतं त्याला. झाडांच्या बुंध्यांशी घुटमळला, पण वर चढायला खालची फांदी नव्हती. इकडे तिकडे चाचपडत राहिला आणि जागच्या जागी काळा पडू लागला. तोवर बंब आला, पायऱ्यांवरून पाण्याचे पाइप खाली सरसरत गेले, आणि राहिलेलं काम जवानांनी उरकलं.

"वाचलं! वाचलं!" सुतारदादाने काकूंसकट खुर्ची पुन्हा उचलली. लोक टाळ्या पिटत होते, रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. सतरांपैकी सतरा घरं उभी होती!

काका टाळ्या वाजवत नव्हते. ते काकूंच्या खुर्चीशी खाली बसले होते. काकूंची ओली पावलं त्यांनी हातात घेतली होती आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माझ्या झाडूने तुला मारलं असतं गं," ते म्हणत होते. "दोनदा! आधी तीस वर्षं, मग आज."

"पुरे आता. माणसं बघताहेत," काकू म्हणाल्या. पण पाय त्यांनी काढून घेतले नाहीत.

संध्याकाळी सूनबाई ड्यूटीवरून आली. पायऱ्या उतरून अंगणात आली, काळवंडलेली चौकट पाहिली, जळका झाडू पाहिला आणि सासऱ्यांकडे पाहिलं. काकांनी खाली मान घातली. ती ओरडली नाही. जवळ गेली आणि लहान मुलीसारखी त्यांच्या गळ्यात पडून रडली. दिवसभर स्थिर ठेवलेला तिचा आवाज आता कुठे सुटला होता.

नागरिकहो, आपण सगळी स्वच्छ माणसं आहोत, यात शंका नाही. आपलं अंगण आपण रोज झाडतो. पण झाडून टाकलेलं जातं कुठे, हे कठड्यावरून वाकून कधी पाहिलंय? घर कठड्यापाशी संपत नाही. छपरावरच्या पन्हळीत ते आहे, भिंतीला टेकलेल्या लाकडांत आहे, खालच्या उतारावर आहे आणि शेजाऱ्याच्या उतारावरही आहे, कारण आग दारावरची पाटी वाचत नाही. बंबवाले धावून येतातच. पण ते येईपर्यंतची मिनिटं आपल्याला आधीच, थंड डोक्याने, दाताळं हातात घेऊन मिळवून ठेवावी लागतात. तुमच्या घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस कोण आहे, तेवढं आज मोजून बघा. कामाला लागायला दुसरं कारण लागणार नाही!

काकांनी नवा झाडू आणला. तो आता मागच्या पत्र्याखाली टांगलेला असतो. जुन्याच्या काड्या जळून गेल्या, पण दांडा उरला, एका टोकाला कोळशासारखा काळा. तो काकांनी टाकला नाही. दर रविवारी सकाळी सहाला, सहा वाजून एक मिनिटसुद्धा नाही, ते तो दांडा घेऊन कठड्यापाशी येतात. सतराही घरांतून माणसं पोती घेऊन उभी असतात. काकू डोलीच्या खुर्चीत बसून नजर ठेवतात.

काका वाकतात आणि दांडा घळीत टेकवतात. बोटभर जरी आत गेला, तरी सगळे खाली उतरतात आणि त्याशिवाय कुणाच्या घरी चहा होत नाही.

बहुतेक रविवारी मात्र दांडा आत जात नाही. ठक् करून खडकावर वाजतो.

"ऐकलंस?" काका विचारतात.

"ऐकलं," काकू म्हणतात. "आता चहा ठेवा."